कार्डावरचं वजन

हिशोबाच्या बाबतीत मी लहानपणापासून आगाऊ. आमच्या घरी धान कुडव आणि खंडीत मोजलं जायचं, राइस मिलवाला क्विंटलमध्ये बोलायचा, आणि दोघांच्या मध्ये फ्रॉक घातलेली मी उभी राहून एकाचं माप दुसऱ्याला समजावून सांगायचे. मिलवाल्याला ते आवडायचं नाही, वडिलांना फार आवडायचं. पुढे नर्सिंगला गेले तेव्हा मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना बाकीच्या मुली रडकुंडीला यायच्या आणि मी खिडकीबाहेर बघत उत्तर सांगायचे. त्यांना माझा राग यायचा. तो यावा असंच माझं वागणं होतं.

गेली अठरा वर्षं मी गोंदिया जिल्ह्यातच सरकारी दवाखान्यांत नोकरी करते. घर फुलचूरला, नोकरी एका तालुक्याच्या गावी, रोज एसटीने जाणं-येणं. आमच्या इमर्जन्सीच्या खोलीत एक खाट, दोन स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि औषधांचं एक कपाट आहे. मोठ्या माणसाला औषध देताना फारसं डोकं लागत नाही, ठरलेली बाटली फोडली की झालं. लेकरांचं तसं नसतं. डॉक्टर सांगतात, किलोमागे इतके मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलेलं असतं, एका मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम. सिरिंजवर खुणा मिलिलिटरच्या. सलाईन तर थेंबांत मोजायचं. आमच्या नेहमीच्या नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. किलोपासून थेंबापर्यंत पोचायला अर्धा-एक मिनिट मिळतं, तेही आई शेजारी रडत असताना.

हे काम माझ्याकडे असतं. बाकीच्या सिस्टर भिंतीवरचा तक्ता बघतात, मोबाइलवर भागाकार करतात. मी तोंडी करते, आणि कुणी चुकलं तर चारचौघांत बोलते. दशांशाचं टिंब एक घर सरकलं की दहापट औषध जातं, हे मी इतक्यांदा आणि इतक्या कडू तोंडाने सांगितलं आहे की माझी पाळी असली की नव्या मुली आधीच गप्प होतात. त्यांना मी खडूस वाटते. आहेच मी खडूस.

या सगळ्या हिशोबाचा पहिला आकडा म्हणजे लेकराचं वजन. तो हाती आल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. नियम असा की आलेलं लेकरू आधी काट्यावर ठेवायचं. पण झटके येत असलेलं, निळं पडलेलं लेकरू काट्यावर कोण ठेवत बसणार? शिवाय काटा ओपीडीत, आणि ओपीडीला दुपारनंतर आणि रविवारी कुलूप. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. आई येताना लसीकरणाचं कार्ड घेऊन येते, त्यावर अंगणवाडीत दर महिन्याला घेतलेलं वजन लिहिलेलं असतं, ते वाचायचं आणि कामाला लागायचं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना या रीतीचं कौतुक वाटतं. इथल्या बाया किती व्यवस्थित कार्ड जपून ठेवतात, असं ते म्हणतात.

माझी थोरली बहीण अंगणवाडी सेविका आहे. तालुक्यापासून सतरा-अठरा किलोमीटर आत, जंगलाला लागून तिचं गाव. लग्न होऊन ती तिथे गेली आणि तिथेच अंगणवाडीत लागली. मनाने चांगली बाई. गावातल्या निम्म्या लेकरांची नाकं तिने आपल्या पदराने पुसली असतील. दिवाळीनंतर त्या गावची मंडई, म्हणजे जत्रा असते, तिला मी दरवर्षी जाते. त्या वर्षी गेले तर ताई घरापुढच्या छपरीत रजिस्टर उघडून बसलेली. दोन महिन्यांची वजनं भरायची राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर येणार होत्या.

"मोजलीस काऊन नाही?" मी विचारलं.

"काटा पावसाळ्यापासून बिघडून आहे. तीनदा सांगतलं. लिहून दे म्हनते, लिहून देल्लं. आता मी का हातात उचलून सांगू?"

ती अंदाजाने भरत होती. आणि अंदाजातही एक अडचण होती. रजिस्टरात आणि कार्डावर जो वाढीचा तक्ता असतो त्यात तीन पट्टे असतात, हिरवा, पिवळा, लाल. लेकरू लालमध्ये, म्हणजे फारच कमी वजनात गेलं की त्याच्या आईला समजावून दोघांना चौदा दिवस गोंदियाला भरती करायचं, आणि ते करवून घेणं सेविकेच्या माथी.

"बाई येते का?" ताई म्हणाली. "धान कापनं सोडून, घरची बाकीची लेकरं सोडून कोन जाऊन राहिली गोंदियाले? ती नाही गेली का मीटिंगमंदी मलेच उभी करते. सगळ्याइच्या समोर. त्यापरीस लालमंदी कोनी नसलेलाच बरा."

म्हणून ती प्रत्येकाच्या मागच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवत चालली होती. वरपासून खालपर्यंत दोनशे, दोनशे, दोनशे. मी ते पाहिलं आणि मला हसू आलं. खोटं लिहिण्याचं मला काहीच वाटलं नाही. ते इतकं ढोबळ लिहिलंय, याचा मात्र राग आला.

"सारी पोट्टी एकाच मापानं वाढून राहिली का ताई? आंधळ्याले बी समजन."

मी तिच्या हातून पेन्सिल घेतली. एकाला दीडशे दिले, एकाला अडीचशे. एकाला पहिल्या महिन्यात काहीच दिलं नाही, शेऱ्यात ताप लिहिला, आणि दुसऱ्या महिन्यात ती तूट भरून काढली. पुढच्या महिन्यांत कुणाचं किती वाढवायचं, त्याची पद्धतही तिला शिकवली, म्हणजे रेघ सुतासारखी सरळ न जाता खरी वाटेल अशी चढेल. तासाभरात सगळी पोरं हिरव्यात आली. बाहेर मंडईची दुकानं लागत होती, ताईने चहा केला, आणि आपली बहीण हुशार असल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. मलाही छान वाटलं. मी एकाही लेकराचं नाव वाचलं नव्हतं, फक्त रकाने पाहिले होते.

ती मंडई झाली आणि मी ते सगळं विसरून गेले. खरंच विसरले. एखाद्याला पापड लाटून द्यावेत तसं मी ते करून दिलं होतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. कचारगडची यात्रा सुरू असल्याने आमची रुग्णवाहिका तिकडे उभी केलेली. दवाखान्यात मी, एक आया आणि बाँडवर आलेले डॉक्टर. मराठवाड्यातले, शांत स्वभावाचे, माझ्याशी कधी एकेरीत न बोलणारे. बाराच्या सुमाराला एक मोटरसायकल पोर्चमध्ये येऊन थांबली. नवरा चालवत होता, मागे बायको, आणि दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं मूल. वारं फार गार होतं. मुलाला दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे, सगळं घातलेलं.

दोन दिवसांपासून उलट्या आणि जुलाब, आई सांगत होती. ती उन्हाळी धानाच्या रोवण्याला, लावणीला जात होती, मूल सासूजवळ असायचं. सकाळपासून ते डोळे उघडत नव्हतं. सव्वादोन वर्षांचा मुलगा. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, हात बर्फासारखे गार, मनगटाची नाडी लागत नव्हती. अशी पोरं मी खूप पाहिली आहेत. वेळेवर पाणी गेलं तर तासाभरात उठून बसतात. इमर्जन्सीत एवढं समाधान देणारं दुसरं काम नाही.

"ताईनं पाठवलं जी," आई म्हणाली. "म्हने, माही बहीन आहे दवाखान्यात, तिच्याजवरच ने." आणि तिने ब्लाउजमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कार्ड काढून दिलं.

ताईचं गोल गोल अक्षर मी लगेच ओळखलं. त्या क्षणी मला उलट बरं वाटलं, हे लिहायला हवं. परक्या गावातल्या परक्या बाईने लिहिलेलं असतं तर मी कदाचित एकदा त्या मुलाकडे नीट पाहिलं असतं. इथे माझ्या बहिणीचं अक्षर होतं. फेब्रुवारीच्या रकान्यात दहा किलो दोनशे.

"वजन, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा किलो दोनशे."

"एकदा मोजून घ्यायचं का?"

"सर, याच महिन्याचं आहे कार्डावर. ओपीडीला कुलूप आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. प्रसूतिगृहात बाळांचा काटा होता हेही खरं होतं. वीस पावलांवर. तो मला आठवला नाही असं मी म्हणू शकते, पण मला तो आठवला होता. मला तो आणायला जायचं नव्हतं, कारण आकडा हातात होता आणि पुढचा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

किलोमागे तीस मिलिलिटर, अर्ध्या तासात. दहा दोनशेचे तीनशे सहा. मिनिटाला दहा मिलिलिटरच्या वर, म्हणजे दोनशे चार थेंब. दोनशे चार थेंब मोजता येत नाहीत, धारच लागते. म्हणून नळीचं चाक पूर्ण सोडायचं, बाटलीवर पट्टी चिकटवायची आणि तीनशेची खूण करून त्या खुणेवर लक्ष ठेवायचं. त्यानंतर किलोमागे सत्तर, अडीच तासांत, म्हणजे मिनिटाला पंच्याण्णव थेंब. डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत मी उत्तर दिलं. ते किंचित हसलेसुद्धा.

शीर सापडायला त्रास झाला. हात चांगला गुबगुबीत होता. गालही भरलेले. खातंपितं लेकरू आहे, असं मी मनात म्हटलं, आणि तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा शीर लागली. स्वेटर काढले नाहीत, कारण मूल गार पडलं होतं. फक्त एक बाही वर सरकवली.

अर्ध्या तासात त्याने डोळे उघडले. नाडी लागली. आईकडे पाहून त्याने ओठ हलवले. आई माझ्या पायाकडे वाकायला लागली तेव्हा मी तिला दटावलं, असलं काही करायचं नाही म्हणून. पण मला आनंद झाला होता. बाप बाहेर जाऊन बिस्किटाचा पुडा घेऊन आला. डॉक्टर चहाला गेले. मी चाक आवळून पंच्याण्णव थेंब लावले, घड्याळ धरून दोनदा मोजले. एक थेंबही इकडचा तिकडे नव्हता.

पाऊण तासाने मुलाचा श्वास वाढला. आधी मला वाटलं, रडायला येतंय. मग नाकपुड्या फुलायला लागल्या आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, पाठीला लावला, पोटावर हात ठेवला आणि सलाईन बंद करा म्हणाले. ऑक्सिजन लावला. लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन सांगितलं, किलोमागे एक मिलिग्रॅम, आणि मी पुन्हा त्याच वजनाने भरलं. तोंडाच्या कोपऱ्यातून फेस यायला लागला होता.

"सिस्टर, याचे कपडे काढा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

एक स्वेटर काढला, दुसरा काढला, आतला सदरा वर केला. बरगड्या एक एक मोजता आल्या असत्या. दंड माझ्या दोन बोटांत मावला. ढुंगणावरची कातडी सैल लोंबत होती. पायमोजे काढले तर पावलं मात्र टम्म फुगलेली. डॉक्टरांनी पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला. गाल भरलेले नव्हते, सुजलेले होते. हातही सुजलेला होता. तो खळगा कसा बघायचा ते मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते.

आता मी पळत जाऊन प्रसूतिगृहातला काटा आणला. ऑक्सिजनची नळी धरून आयाने मुलाला त्यावर ठेवलं. सात किलो सहाशे.

कुपोषणाने सुजलेल्या लेकराचं हृदयही तितकंच रोडावलेलं असतं. त्याला पाणी लागतं, पण हळूहळू, घोटाघोटाने, नाहीतर ते पाणी फुप्फुसात उतरतं. हे पुस्तकात आहे, भिंतीवरच्या तक्त्यात आहे, आणि मला पाठ आहे. त्याच्या अंगात आम्ही अर्ध्या लिटरहून जास्त घातलं होतं. डॉक्टर गोंदियाला फोन करत होते, यात्रेतल्या रुग्णवाहिकेला फोन करत होते, मध्येच येऊन श्वास द्यायचा फुगा दाबत होते. मी फुगा दाबत होते. आई भिंतीला टेकून उभी होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "आता तर डोरे उघडले होते ना जी?"

चारच्या आधी ते गेलं. रुग्णवाहिका तेव्हा अर्ध्या रस्त्यात होती.

आईबाप मुलाला घेऊन त्याच मोटरसायकलवर परत गेले. आम्ही गाडी मिळवून देतो म्हटलं, बाप नको म्हणाला. मी हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहिले आणि माझं डोकं आपोआप हिशोब करायला लागलं. सात सहाशेला किलोमागे पंधरा, एका तासात. एकशे चौदा मिलिलिटर. मिनिटाला अडतीस थेंब. दोनशे चारच्या जागी अडतीस. मी डोकं थांबवायचा प्रयत्न केला, पण ते थांबलं नाही, पुन्हा पुन्हा तेच गुणाकार करत राहिलं. आणि तिथे उभं असतानाच मला मंडई आठवली, छपरी आठवली, आणि पेन्सिल आठवली.

डॉक्टर केसपेपर घेऊन आले. वजनाच्या चौकोनात माझ्या अक्षरात दहा दोनशे लिहिलेलं होतं. "यावर एक रेघ मारून खरं वजन लिहा आणि सही करा," ते म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी कपडे काढायला सांगायला हवे होते." त्या भल्या माणसाला मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी रेघ मारली, सात सहाशे लिहिलं, सही केली.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात आली. गावातून रडतच आली होती. आम्ही मागच्या पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिलो.

"तू मोजून काऊन नाही पाह्यली?" ती म्हणाली. "तू तर शिकलेली. तुले तर माहीत होतं."

"तू कायले लिहिलं? मराले टेकलेला दिसत नव्हता का तुले? रोज समोर होता तुह्या."

"सूज होती. मले वाटलं, अंगानं भरून राहिला."

आम्ही एकमेकींना लागेल असं बोललो. मी जास्त बोलले, मला ते चांगलं जमतं. पण पेन्सिलचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. शेवटी ती माझा हात धरून म्हणाली, "त्याच्या मायले नको सांगू. माही नोकरी जाईन, अन् गावात तोंड दाखवाची सोय राह्यनार नाही." मी हो म्हटलं.

महिन्याने त्या मृत्यूची चौकशीची बैठक झाली. टेबलाभोवती पाच-सहा जण. केसपेपर फिरला, कार्ड फिरलं. कार्डावर दहा दोनशे कसे, असं एका साहेबांनी विचारलं. दुसरे म्हणाले, काटा बिघडलेला असेल, गावोगावी हीच बोंब आहे. त्या साहेबांपैकी प्रत्येकाने निदान दहा वर्षं खेड्यांत काढली होती. काटा कसा बिघडतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत राहिले. त्या अंगणवाडीला नवीन काटा द्यावा असं ठरलं, आणि आठवडाभरात तो पोचलाही. नव्या काट्यावर मोजल्यावर त्या गावात सहा लेकरं लालमध्ये निघाली. ती सगळी आपापल्या आईसकट गोंदियाला भरती झाली. या वेळी एकही आई नाही म्हणाली नाही, ताई म्हणाली.

यावर मी समाधान मानू शकले असते. मला ते जमलं नाही. पाळीवर असताना कुणी वजन विचारलं की मी आकडा न बोलता कागद पुढे सरकवायचे. एका सिस्टरने सिरिंजमध्ये चुकीचं औषध भरलं, ते मी पाहिलं, आणि बोलायच्या ऐवजी मुकाट्याने तिच्या हातून काढून घेतलं. तिला वाटलं मी आजारी आहे. मला वाटायला लागलं, त्या लेकराच्या आईला सांगितल्याशिवाय मला सुटका नाही. तिला खरं कळायलाच हवं, तो तिचा हक्क आहे, वगैरे मी स्वतःला सांगत होते. माझ्या उरावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं एवढंच मला हवं होतं, हे आता कळतं.

मार्च संपत आला होता. मोहाची फुलं पडायला लागली होती, रस्त्याने सगळीकडे टोपल्या घेतलेल्या बाया. ताईला न कळवता मी तिच्या गावच्या एसटीतून उतरले आणि विचारत विचारत त्या घरी गेले. त्याची आई अंगणात बसली होती. समोर वाळत घातलेली मोहफुलं, त्यातला कचरा ती निवडत होती. मला पाहून उठली, आतून पाणी आणलं, बसायला पोतं टाकलं. नवरा कामाला गेला होता. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला वाटत होतं, मी तिच्या लेकरासाठी धावपळ केली.

मी पाणी प्याले आणि सांगून टाकलं. सजवलं नाही. त्याचं वजन दहा किलो नव्हतं, साडेसात होतं. कार्डावर लिहिलेलं खोटं होतं, ताई नुसत्या अंदाजाने लिहायची, आणि तो खोटा आकडा खरा कसा वाटेल ते मी तिला शिकवलं होतं. त्या आकड्यावरून मी पाणी सोडलं, आणि ते पाणी त्याला सोसलं नाही. तुला तक्रार करायची असली तर मी तुझ्यासोबत येते, असंही म्हटलं.

ती ऐकत होती. हात फुलांत चालूच होते. तिने शिव्या द्याव्यात, हाकलून लावावं, एवढं तरी मी धरून चालले होते.

"मंग तो भुकेनं रडे का जी?" तिने विचारलं.

मी हातातला पेला खाली ठेवला.

"लय रडे," ती म्हणाली. "सांजी भात देल्ला का पुन्हा मांगे. पुन्हा देल्ला का पुन्हा मांगे. घरात तिघं अजून आहेत. मी ताईले विचारलं, हा इतका काऊन मांगते? ताईनं कार्ड दाखवला. म्हने, हिरव्यात आहे, वजन बराबर आहे, काही नाही झाला त्याले. मी म्हटली, मंग पोट भरला आहे अन् ढोंग करते." तिचे हात थांबले. "मारो मी त्याले. रडला का मारो. मंग मांगनाच बंद केला त्यानं. मले वाटला, शाना झाला."

शेजारच्या घरातून कुणीतरी तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"भुकेनंच रडे ना जी?"

"हो," मी म्हटलं.